घोडे आणि गावकूस



घरामागे घोडा पाळता येईल का, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांना कधी पडणार नाही. त्यामुळे टाउनशिपकडून घोड्यांच्या झोनिंगबद्दल जाहीर सूचना आली, की ती न वाचताच रद्दीत जाते. आमची विनंती आहे की ती वाचावी.

घोडा पाळण्यावर नियम हवेतच. एक प्रौढ घोडा दिवसाला वीस-पंचवीस किलो लीद टाकतो. माश्या, वास, पावसाबरोबर ओढ्यात आणि विहिरीत उतरणारी घाण, हे शेजाऱ्यांचे खरे प्रश्न आहेत. तबेला शेजारच्या घरापासून किती फुटांवर असावा, एकरी किती जनावरे असावीत, लीद कुठे साठवावी आणि कधी उचलावी, हे टाउनशिपने जरूर ठरवावे.

पण याच अश्वप्रेमाच्या नावाखाली दुसराही एक नियम येतो: इथे घर बांधायचे तर किमान तीन, पाच किंवा दहा एकर जमीन हवी. घोडा असो वा नसो! हा नियम घोड्यासाठी नसून माणसांसाठी असतो. एवढी जमीन ज्याला परवडत नाही, त्याला तो गावात येऊ देत नाही.

न्यू जर्सीत ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरापासून मोटारीने थोड्याच अंतरावर बेडमिन्स्टर, फार हिल्स, ग्लॅडस्टोन हा घोड्यांचा मुलूख लागतो. बेडमिन्स्टरच्या मोठ्या भूखंडांच्या नियमाविरुद्ध १९७०च्या दशकात खटला सुरू झाला. तो बरीच वर्षे चालला. अखेर १९८०च्या दशकात तिथे 'द हिल्स' ही वसाहत उभी राहिली आणि तिच्यात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनाही घरे मिळाली. याला आधार होता १९७५च्या माउंट लॉरेल निकालाचा. एथेल लॉरेन्स या कृष्णवर्णीय शिक्षिका आणि त्यांचे सहकारी त्या लढ्यात पुढे होते. झोनिंग वापरून गरिबांना गावाबाहेर ठेवता येणार नाही, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा बजावले.

म्हणून घोड्यांनाच शत्रू ठरवायचे का? मुळीच नाही. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टन शहरात रिचलँड फार्म्स नावाचा भाग आहे. तिथे शेतीसाठीचे झोनिंग टिकून राहिले, म्हणून साध्या उत्पन्नाची कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबे परसात घोडे, शेळ्या, कोंबड्या पाळू शकतात. १९८८ साली तिथे सुरू झालेल्या एका संस्थेने वस्तीतल्या मुलांना टोळ्यांपासून दूर ठेवण्यासाठी घोडेस्वारी शिकवली. घोड्यांना मुभा देणारा नियम इथे साध्या माणसाच्या कामी आला. तेव्हा नियम समोर आला की विचारावे: यामुळे कोणाला जागा मिळते आणि कोणाची जाते?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. गावकुसाबाहेर कोणी राहायचे, पाणी कोणत्या घाटावर भरायचे, हे आपल्या गावांनी शतकानुशतके ठरवले. आजही मुंबई-पुण्यात मांसाहाराचे निमित्त करून भाडेकरूला नकार मिळतो. ते अन्याय्य आहे, हे आपण मान्य करतो. मग इथे, उत्तम शाळा पाहून घेतलेल्या घराच्या खिडकीतून, पाच एकरांचे कुंपण आपल्याला का दिसत नाही?

घराची किंमत घसरेल, ही भीती बोलली जात नसली तरी असते. माउंट लॉरेलमध्ये एथेल लॉरेन्स यांच्या नावाने २००० साली अल्प उत्पन्न गटासाठी घरे झाली. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास करून २०१३ साली पुस्तक प्रसिद्ध केले. आसपासच्या घरांच्या किमती, कर किंवा गुन्हे यांवर त्या वसाहतीचा वाईट परिणाम झाल्याचे त्यांना आढळले नाही.

न्यू जर्सीत २०२४च्या कायद्याने प्रत्येक गावाच्या वाट्याची परवडणारी घरे ठरवण्याची पद्धत बदलली. पुढची दहा वर्षे गावोगावी यावर सुनावण्या आणि वाद होत राहतील. मंदिराच्या पार्किंगचा विषय असला की आपण शंभर जण सभागृहात जातो. एकदा दुसऱ्याच्या घरासाठीही जाऊ या. मताधिकार नसलेल्या रहिवाशालाही जाहीर सुनावणीत बोलता येते. तबेल्याच्या अंतराला हो म्हणावे, लिदीच्या नियमाला हो म्हणावे, आणि एकरांच्या अटीवर उभे राहून कारण विचारावे.

आपल्या गावातला अनुभव जरूर कळवा.

– संपादक मंडळ