पुडीवरील चिठ्ठी

नागापूर येथील एका वयोवृद्ध शेतकऱ्यांनी गेल्या रब्बीपूर्वी माझ्या ओंजळीत मूठभर ज्वारी घातली. "साहेब, हे हुरड्याचं बी माझ्या आजीच्या हातचं आहे," असे ते म्हणाले. मी ते पुडीत बांधले आणि घाईने वर लिहिले: 'ज्वारी, स्थानिक'. कार्यालयात ती पुडी पुन्हा हाती घेतली, तेव्हा माझी मलाच शरम वाटली. स्थानिक म्हणजे कोठली? ती राखली कोणी?

चिठ्ठीची ही चूक पूर्वी कोठारापुरतीच राहत असे. आता तसे राहिलेले नाही. बियाण्यातील आनुवंशिक द्रव्य ए, सी, जी व टी या चार अक्षरांत वाचता येते. ज्वारीचे असे संपूर्ण वाचन २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ७३ कोटी अक्षरे आहेत. अशी वाचने अमेरिका, युरोप व जपान येथील तीन सार्वजनिक भांडारांत ठेवली जातात. ही भांडारे आपसांत माहितीची नित्य देवाणघेवाण करतात आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. आपल्या देशाचे असे भांडार फरिदाबाद येथे २०२२ साली सुरू झाले.

या नोंदींची एक साधी पद्धत 'फास्टा' म्हणून ओळखली जाते. पहिल्या ओळीत बाणाच्या टोकासारखी खूण व तिच्यापुढे नाव; खाली नुसती अक्षरे. अक्षरांवरून वाणांचे नाते जुळविता येते, परंतु ते बी कोणत्या गावच्या कणगीतून आले, हे अक्षरे सांगत नाहीत. विस्तृत नोंदीत वाण, ठिकाण, गोळा केल्याची तारीख व गोळा करणारा यांसाठी जागा असते. पण पुडीवरच जे नाही ते तेथे कोण भरणार?

ही भांडारे बंद करावीत, असे म्हणणाऱ्यांच्या मताचा मी नाही. ती खुली आहेत म्हणूनच राहुरीच्या कृषी विद्यापीठातील संशोधकालाही परदेशातील वाचन पैसा न मोजता अभ्यासता येते. माझी तक्रार निनावीपणाबद्दल आहे. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याप्रमाणे नव्या वाणाच्या नोंदणीसाठी अर्ज करताना मूळ वाण कोठून घेतले ते सांगावे लागते, आणि वाणाच्या जडणघडणीत ज्या गावाचा वाटा आहे त्या गावाच्या वतीने मोबदल्याचा दावा करता येतो. 'स्थानिक' एवढ्या शब्दावर कोणते गाव दावा करील?

आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभारली. २०२० सालच्या पद्मश्री सन्मानासाठी त्यांची निवड झाली. बी राखणारे हात कोणाचे, हे तेथे साऱ्यांना ठाऊक आहे. इतर गावांतही असे हात आहेत. त्यांची नावे मात्र कागदावर नाहीत.

म्हणून ग्राम कार्यकर्त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, नमुना घेताना घाई करू नये. वाणाचे गावातील नाव, गाव व तालुका, तारीख, आणि शेतकऱ्याची संमती असल्यास त्याचे नाव लिहावे. बी किती पिढ्यांचे आहे व कशासाठी राखले, हेही विचारावे. बायकांना अवश्य विचारावे. पुरुषांना पुष्कळदा वाणाचे नावच ठाऊक नसते.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा नागापुरास गेलो. आजोबांना सारे आठवेना. आतून त्यांच्या सूनबाईंनी सांगितले. ती माहिती मी पेन्सिलीने दोन चिठ्ठ्यांवर लिहिली. एक पुडीवर चिकटविली, दुसरी आत दाण्यांत ठेवली.