सुजलेला गुडघा आणि पस्तीस किलोमीटर

समजा, उंब्रजमधल्या एका घरात आठ वर्षांचा मुलगा रात्री अकराच्या सुमारास उठून बसतो. गुडघ्यात गरम लागतेय, मुंग्या आल्यासारखे होतेय, असे सांगतो. दिवसभरात तो कुठे पडलेला नाही, कुठे खरचटलेले नाही. दोन्ही गुडघे सारखेच दिसतात. आजी कोमट तेलाने गुडघा चोळते, वरून शेक देते आणि ‘सकाळी बघू’ म्हणून सगळे झोपतात. सकाळी गुडघा टम्म फुगलेला असतो, पाय सरळ होत नाही. या मुलाला हिमोफिलिया असेल, तर रात्रीच्या त्या मुंग्या म्हणजे सांध्यात सुरू झालेला रक्तस्राव होता. चोळण्याने आणि शेकण्याने तो वाढला.

हिमोफिलिया म्हटले की बोट कापले आणि रक्त थांबेना, असे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात लहानशी जखम दाबून धरली की बहुधा रक्त थांबते, कारण त्यासाठी लागणाऱ्या प्लेटलेट्स या मुलांमध्ये व्यवस्थित असतात. कमी असतो तो गुठळी पक्की करणारा घटक. ‘ए’ प्रकारात आठवा फॅक्टर, ‘बी’ प्रकारात नववा. हे प्रमाण नेहमीच्या एक टक्क्याहूनही कमी असेल तर आजार तीव्र समजतात, १ ते ५ टक्के असेल तर मध्यम आणि त्यापुढे सौम्य.

तीव्र प्रकारात काही न लागताही गुडघा, घोटा, कोपर यांत रक्त उतरते. साचलेल्या रक्ताने सांध्याचे अस्तर सुजते, सुजलेल्या अस्तरातून पुन्हा रक्त येते आणि कूर्चा झिजत जाते. एकाच गुडघ्यात हे वारंवार झाले, तर विशीतल्या तरुणाचा गुडघा सत्तरीतल्या माणसासारखा आखडतो. म्हणूनच या आजारात तासांचा हिशेब महत्त्वाचा असतो.

सध्या बातम्या आहेत त्या मोठ्या शोधांच्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी हिमोफिलिया ‘ए’च्या पाच रुग्णांवर जनुकीय उपचार केले. रुग्णाच्याच मूळ पेशींमध्ये आठव्या फॅक्टरचे जनुक बसवून त्या पेशी परत शरीरात सोडल्या. पाठपुराव्याच्या काळात पाचही जणांचा वार्षिक रक्तस्रावाचा दर शून्य राहिल्याचे डिसेंबर २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. भारतासाठी ही अभिमानाचीच गोष्ट आहे. मात्र त्यासाठी आधी अस्थिमज्जा रिकामी करणारी कडक औषधे घ्यावी लागतात आणि आज तरी हा उपचार प्रयोगाच्या टप्प्यावर आहे. उंब्रजच्या मुलाचा गुडघा तोवर थांबणार नाही. तो वाचवण्याचे साधन आजच उपलब्ध आहे, आणि ते म्हणजे रक्तस्राव होण्याआधीच दिलेले औषध.

आपल्याकडे वर्षानुवर्षे पद्धत राहिली ती रक्तस्राव झाला की फॅक्टर देण्याची. जागतिक हिमोफिलिया महासंघाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तीव्र आजारासाठी नियमित प्रतिबंधक उपचार हीच योग्य पद्धत ठरवली. अडचण अशी की आठवा फॅक्टर शिरेतून द्यावा लागतो आणि साधारण ८ ते १२ तासांत त्याचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येते. म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा सुई.

एमिसिझुमॅब या औषधाने ‘ए’ प्रकारातील ही अडचण बरीच सोपी केली. ते त्वचेखाली, आठवड्यातून, पंधरवड्यातून किंवा महिन्यातून एकदा देता येते. फॅक्टरविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे तयार झालेल्या रुग्णांनाही ते चालते. मात्र ते प्रतिबंधासाठीच आहे. सुरू झालेला रक्तस्राव त्याने थांबत नाही. अपघात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी फॅक्टर किंवा त्याला पर्यायी औषध लागतेच. ‘बी’ प्रकारात ते उपयोगी नाही.

साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय हे राज्यात हिमोफिलिया केंद्र सुरू झालेल्या सुरुवातीच्या जिल्हा रुग्णालयांपैकी एक. नाशिक, अमरावती आणि ठाणे ही इतर तीन. पूर्वी ज्यासाठी मुंबई-पुणे गाठावे लागे, ते फॅक्टर जिल्ह्यात मोफत मिळू लागले, हा मोठाच बदल होता. तरीही उंब्रजपासून सातारा सुमारे ३५ किलोमीटर आहे. सुजलेला पाय घेऊन रात्री एवढे अंतर कापायचे, तर गाडी हवी आणि एकाची दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडणार. कराडचे उपजिल्हा रुग्णालय त्याच्या निम्म्या अंतरावर आहे. पहिला डोस अशा ठिकाणी सदैव ठेवलेला असणे आणि जमेल त्या कुटुंबाला घरीच इंजेक्शन देण्याचे शिक्षण मिळणे, ही पुढची पायरी आहे. एखादा महिना पुरवठा खंडित झाला, तर आधीच्या वर्षभराच्या काळजीवर पाणी पडू शकते.

दुसरा प्रश्न निदानाचा. जगात एक लाख पुरुषांमागे सुमारे १७ जणांना हिमोफिलिया ‘ए’ असल्याचा अंदाज आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्यात सुमारे १५ लाख पुरुष होते. त्या हिशेबाने जिल्ह्यात अडीचशेच्या आसपास रुग्ण असायला हवेत. सौम्य आजाराचे रुग्ण दात काढताना किंवा शस्त्रक्रियेतच लक्षात येतात. नेहमीची ‘बीटी-सीटी’ चाचणी त्यांच्यात चक्क नॉर्मल येऊ शकते. संशय असेल तर एपीटीटी आणि त्यानंतर फॅक्टरची पातळी तपासावी लागते. रांगायला लागलेल्या बाळाच्या अंगावर काळेनिळे डाग, लसीच्या जागी मोठी गाठ, सुंतेनंतर न थांबणारे रक्त, या खुणा गावपातळीवरच ओळखल्या गेल्या पाहिजेत.

तिसरा प्रश्न घरातला आहे. आजाराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. हिमोफिलिया असलेल्या पुरुषाचे मुलगे त्याच्याकडून हा आजार घेत नाहीत, मुली मात्र सगळ्या वाहक असतात. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत आहे. मामाला हिमोफिलिया असेल, तर त्याची मुलगी नक्कीच वाहक असते. भाचा निरोगी असला तरी तिच्या मुलग्यांना निम्मा धोका राहतो. भाच्यालाही आजार असेल, तर मुलींनाही तितकाच धोका. अशा घरांनी लग्न ठरवण्याआधी तपासणी करून घ्यावी. मुंबईतील राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेत वाहक आणि गर्भावस्थेतील निदानाची सोय आहे. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात पूर्वी कोणालाच हा आजार नसतो, त्यामुळे सुनेच्या माहेराला बोल लावण्याला शास्त्राचा आधार नाही. वाहक स्त्रियांनाही पाळीत आणि बाळंतपणात जास्त रक्तस्राव होऊ शकतो. २०२५ च्या जागतिक हिमोफिलिया दिनाचा विषय हाच होता.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हिमोफिलियाला २१ दिव्यांगत्वांमध्ये स्थान दिले. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास उच्च शिक्षणात पाच टक्के आरक्षणाचा लाभ मिळतो, पण सरकारी नोकरीतील चार टक्क्यांच्या यादीत हा आजार नाही. शिकून तयार झालेला मुलगा तिथे अडतो.

धोरण बदलेल तेव्हा बदलेल, घरात आजपासून काही गोष्टी पाळता येतात. मुंग्या किंवा ऊब जाणवताच सांधा स्थिर ठेवावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा आणि फॅक्टरसाठी निघावे. चोळू नये, शेकू नये. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळावे, दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेण्याआधी आजार सांगावा. लसी टाळू नयेत, बारीक सुईने देऊन जागा काही मिनिटे दाबून धरावी. डोक्याला मार लागला, तर लक्षणांची वाट न पाहता आधी फॅक्टर, मग तपासण्या. दात रोज घासावेत. पोहणे आणि सांगितलेला व्यायाम सोडू नये, कारण बळकट स्नायूच सांध्याला सांभाळतात.

शाळेतल्या गुरुजींकडे आणि जवळच्या दवाखान्यात मुलाचे निदान, फॅक्टरचा प्रकार, वजन आणि केंद्राचा फोन नंबर लिहिलेला कागद असावा. रात्री अकराला मुलगा उठून बसला, तर घरात तेलाच्या बाटलीआधी त्या कागदाची आठवण झाली पाहिजे.