बंदुकीलाही निवृत्त करा

अमेरिकेतला पोलीस निवृत्तीला आला की त्याच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. आपल्याकडच्या हवालदाराला तो स्वप्नातही पडणार नाही : आठवण म्हणून कोणती बंदूक घरी न्यायची?

हसू नका. तिथे हा खराखुरा, हळवा प्रश्न आहे. पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीत एका माणसाच्या कमरेला दोन-तीन तरी शस्त्रं येऊन जातात. १९८०च्या आसपास भरती झालेल्याची सुरुवात बहुतेक स्मिथ अँड वेसनच्या सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरने झालेली असते. १९८६ साली मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. रिव्हॉल्व्हर अपुरं पडतंय, ही ओरड त्यानंतर वाढली आणि बघता बघता देशभरची पोलीस खाती सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांकडे वळली. त्यात ऑस्ट्रियाहून आलेल्या ग्लॉकने मैदान मारलं. मग अनेकांनी ९ एमएम सोडून .४० कॅलिबर घेतलं आणि काही वर्षांनी पुन्हा ९ एमएम. न्यूयॉर्क पोलीस दलातली शेवटची रिव्हॉल्व्हरं थेट २०१८ साली रजेवर गेली.

तर यातलं जपायचं कुठलं? मुठीचं लाकूड हाताने घासून गुळगुळीत झालेलं पहिलं रिव्हॉल्व्हर? की शेवटच्या दिवशी कमरेला असलेलं, प्लॅस्टिकच्या मुठीचं, कारखान्यातून लाखोंनी निघालेल्यांपैकी एक ग्लॉक? कुणी म्हणतो पहिलं, कुणी म्हणतो शेवटचं, कुणी म्हणतो ज्याने वाईट रात्री सोबत केली ते. मग काचेच्या झाकणाची लाकडी पेटी येते. आत मखमल, बिल्ला, नावाची पट्टी, आणि मधोमध बंदूक.

या माणसाच्या भावनेशी माझं भांडण नाही. वस्तूंमध्ये जीव अडकतो. माझं भांडण एका साध्या गोष्टीशी आहे : त्या पेटीतली बंदूक चालते.

फ्लोरिडा राज्याचा कायदा बघा. निवृत्त होणाऱ्या पोलिसाला सेवेची स्मृती म्हणून काय देता येईल, याची त्यात यादीच आहे : बिल्ल्यासकट एक पूर्ण गणवेश, त्याचं सेवेतलं पिस्तूल, आणि ‘निवृत्त’ असं ठळक लिहिलेलं ओळखपत्र. यादी पुन्हा वाचा. उद्यापासून तो गणवेश घालून कुणाची गाडी अडवता येणार नाही. बिल्ला दाखवून कुणाला अटक करता येणार नाही. ओळखपत्रावर तर ‘निवृत्त’ असं छापलेलंच आहे. म्हणजे यादीतल्या बाकी सगळ्या वस्तूंमधली सत्ता त्या दिवशी काढून घेतली जाते, मागे उरते ती आठवण. पिस्तूल मात्र काल जे करू शकत होतं, ते उद्याही करू शकतं. सगळे निवृत्त झाले, एकटी बंदूक अजून ड्युटीवर आहे.

यावर पहिलं उत्तर येतं ते सुरक्षेचं. तीस वर्षं गुन्हेगारांशी वैर घेतलं, उद्या कुणी दारात उभा राहिला तर? भीती खोटी नाही. पण तिची सोय तिथे आधीच झालेली आहे. २००४ साली अमेरिकेने केलेल्या एका फेडरल कायद्यानुसार ठरावीक वर्षं सेवा करून चांगल्या नावाने निवृत्त झालेला पोलीस देशातल्या कुठल्याही राज्यात लपवलेलं शस्त्र बाळगू शकतो. अट इतकीच की त्याने दरवर्षी नेमबाजीची पात्रता सिद्ध करायची. हा हक्क माणसाला दिलाय, विशिष्ट पिस्तुलाला नाही. त्याने दुकानात जावं, हवं ते शस्त्र घ्यावं, तपासणी होऊ द्यावी, दरवर्षी परीक्षा द्यावी. संरक्षणासाठी खात्याचंच पिस्तूल हवं, असं मुळीच नाही.

म्हणजे सुरक्षेचा मुद्दा बाजूला झाला. उरली आठवण. आणि आठवणीला फायरिंग पिन लागत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कुणी नोकरी सोडली की त्याच दुपारी त्याचे सगळे ॲक्सेस बंद होतात. हा अविश्वास नसतो. कालपर्यंत ज्याला सर्व्हरच्या किल्ल्या दिल्या होत्या, तोच माणूस केक कापत असतो. पण किल्ल्या कामाच्या होत्या, काम संपलं. जुना, स्टिकरांनी भरलेला लॅपटॉप काही कंपन्या आठवण म्हणून घरी नेऊ देतात, पण डिस्क पुसल्याशिवाय तो दाराबाहेर जात नाही. स्टिकर तुझे, घासलेल्या कीज तुझ्या, आतला डेटा नाही. यात कुणाला अपमान वाटत नाही. मग ज्या वस्तूने माणूस मरतो, तिच्या बाबतीत लॅपटॉपपेक्षा ढिला नियम का?

हा विचार अमेरिकेला परका आहे असंही नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्या कायद्यात वर्षानुवर्षं एक सुंदर तरतूद होती : निवृत्त पोलिसाला सेवेतलं पिस्तूल हवं असेल तर त्याने परवाना काढावा, किंवा ते पिस्तूल गोळी झाडू शकणार नाही असं करून परवान्याशिवाय न्यावं. म्हणजे कायदा लिहिणाऱ्याला फरक कळला होता. शस्त्र हवं असेल तर शस्त्राचे नियम पाळ, आठवण हवी असेल तर आठवण ने. माझं म्हणणं फक्त एवढंच की त्यातली दुसरी वाट हाच नियम व्हावा. ब्रिटनमध्ये बंदूक निकामी करण्याचे ठरलेले तांत्रिक निकष आहेत, आणि ते पाळलेत याचं प्रमाणपत्र लंडन आणि बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमधून मिळतं. नुसती पिन काढून भागत नाही, पिन पुन्हा बसवता येते. म्हणून कायमचा बंदोबस्त करायचा. बाहेरून तीच बंदूक, तोच नंबर, तेच ओरखडे. फक्त गोळी सुटणार नाही.

इथे दुसरं उत्तर येतं, आणि ते खरं वजनदार आहे. “निकामी केलेली बंदूक म्हणजे माझी बंदूक नव्हे. ती चालायची म्हणूनच ती माझी होती. तुम्ही पेंढा भरलेला वाघ देताय.”

या बोलण्यातला प्रामाणिकपणा मला कळतो. पण मग बोलणाऱ्याने ते शेवटपर्यंत न्यावं. चालणं हाच जर तिचा आत्मा असेल, तर आपण स्मृतिचिन्हाबद्दल बोलतच नाही आहोत. आपण शस्त्राबद्दल बोलतोय आणि त्यावर मखमल टाकतोय. शिवाय त्या चालण्याचा हिशेब बघा. प्यू रिसर्च सेंटरने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतल्या २७ टक्के पोलिसांनी सांगितलं की ड्युटीवर, सरावाबाहेर, त्यांनी कधी ना कधी शस्त्र झाडलंय. म्हणजे चारातले जवळपास तीन पोलीस असे, ज्यांनी नोकरीत एकदाही कुणावर गोळी झाडलेली नाही. सिनेमा काहीही दाखवो, बहुसंख्य पोलिसांच्या कमरेवरची बंदूक म्हणजे रोज वाहिलेलं ओझं. तिची खरी गोष्ट ‘कधीच झाडावी लागली नाही’ ही आहे. आणि तीच अभिमानाची आहे! तीस वर्षं जी सुटली नाही, ती यापुढेही सुटणार नाही, अशी सोय करणं हा त्या माणसाचा अपमान कसा होईल? त्याने जे आयुष्यभर सांभाळलं, ते आपण फक्त कायमचं करतोय.

आणि ज्यांनी झाडलं, ज्यांच्या हातून माणूस गेला? त्यांना तेच पिस्तूल, तसंच भरता येणारं, मखमलीत बांधून घरी देणं हा सन्मान आहे की क्रूरपणा, याचं उत्तर खात्यांनीच द्यावं.

आता घराच्या आत येऊ. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी अर्ध्याहून अधिक आत्महत्या असतात. २०२०पासून तिथल्या मुलांच्या आणि किशोरांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक हे आहे. अपघात नाही, कॅन्सर नाही. ज्या माणसाचं नाव, वेळापत्रक, मित्र, दरारा, सगळं एका शुक्रवारी संध्याकाळी संपलं, त्याच्या हातात त्याच संध्याकाळी काय द्यावं, याचा विचार खातं करत नाही. वर टाळ्या वाजवतं.

शिवाय आठवणीचं आयुष्य फार छोटं असतं, पोलादाचं मोठं. रिव्हॉल्व्हर नीट ठेवलं तर शंभर वर्षंही चालतं. आजोबांची आठवण नातवापर्यंत कशीबशी पोचते, पणतू ती पेटी माळ्यावरून खाली काढतो तेव्हा ‘हे कुणाचं?’ असं विचारतो. वारशाने जाणाऱ्या बंदुकीला फेडरल कायद्यात दुकानासारखी तपासणी लागत नाही. भावना एका पिढीत विरते. गोळी झाडायची क्षमता मात्र जशीच्या तशी पुढच्या, त्याच्या पुढच्या हातात जाते.

२०२४ साली तिथल्या पत्रकारांनी, बराच काळ कोर्टकज्जा करून मिळवलेल्या सरकारी नोंदींच्या आधारे दाखवून दिलं की २००६पासून पोलिसांच्या ५२ हजारांहून अधिक बंदुका गुन्ह्यांच्या तपासात सापडल्या. यातल्या बऱ्याच बंदुका निवृत्तीच्या भेटी नव्हेत, हे स्पष्ट सांगायला हवं. खाती नवी शस्त्रं घेताना जुनी व्यापाऱ्याला देऊन किंमत वळती करून घेतात, आपण जुना फोन देऊन नवा घेतो तसं. तो वेगळा आणि मोठा रोग आहे. पण दोन्हींचं मूळ एकच : जनतेच्या पैशाने, जनतेच्या रक्षणासाठी घेतलेलं शस्त्र चालू अवस्थेत खात्याच्या दाराबाहेर जाऊ द्यायचं आणि पाठ फिरवायची. एका दारात व्यवहार उभा आहे, दुसऱ्या दारात भावना. बंदुकीला दोन्ही दारं सारखीच. न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी पोलीस स्वतःच्या पैशाने पिस्तूल घेतात, ते त्यांचंच. माझा वाद खात्याच्या मालकीच्या शस्त्राबद्दल आहे.

‘आपल्याला काय त्याचं’ असं वाटत असेल तर थोडं घरी बघू. शस्त्राबद्दलची भावना आपल्याला काही नवीन नाही. दसऱ्याला पोलीस ठाण्यात रायफली मांडतात, हळद-कुंकू वाहतात, झेंडूच्या माळा घालतात. त्या दिवशी लोखंडाला देवपण असतं. पण पूजा झाली की रायफल शस्त्रागारात परत जाते आणि रजिस्टरवर सही होते. निवृत्तीच्या दिवशी आपला पोलीस शाल-श्रीफळ घेऊन घरी जातो. साहेब असेल तर फुलांनी सजवलेली जीप सहकारी दोराने ओढतात. सरकारी पिस्तूल मात्र जमा असतं. त्यातही ९ एमएम हे आपल्या शस्त्र कायद्यानुसार प्रतिबंधित बोअर, ते सहजासहजी खासगी हातात जातच नाही. आपण फार शहाणे आहोत असा दावा नाही. लग्नात बार उडवून माणसं मारणारे आपल्याच देशात आहेत, त्यासाठी २०१९ साली कायद्यात वेगळी शिक्षा घालावी लागली. पण भक्ती आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं तरी दसऱ्याच्या त्या रजिस्टरला कळतं.

आणि पोलिसाच्या शौर्याची सगळ्यात मोठी आठवण कोणती, असं महाराष्ट्रात कुणालाही विचारा. २६ नोव्हेंबर २००८ची रात्र, गिरगाव चौपाटी, तुकाराम ओंबळे. हातात फक्त लाठी. समोरच्याच्या एके-४७ची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि कसाब जिवंत सापडला. त्या आठवणीत एक बंदूक आहे, पण ती ओंबळेंची नाही. ती जपून आपल्याला त्यांची आठवण ठेवावी लागत नाही. जपायची असते ती पकड.

म्हणून अमेरिकेतल्या खात्यांना, आणि उद्या रील बघून आपल्याकडे अशीच प्रथा मागणाऱ्यांना, माझं सांगणं सरळ आहे. पेटी द्या, मखमल द्या, बिल्ला द्या. कोणती बंदूक, हेही त्यालाच ठरवू द्या : पहिली, शेवटची, वाईट रात्रीची. मग ती बंदूक कार्यशाळेत पाठवा आणि कायमची निकामी करून, प्रमाणपत्रासह त्याच्या हातात ठेवा. ओळखपत्रावर ‘निवृत्त’ असं छापता ना? तेच पोलादात छापा.

आणि कुणी म्हणाला, “अशी असेल तर नको”, तर त्याच्यावर रागावू नका. त्याला आठवण नको होती, शस्त्र हवं होतं. दुकानाचा रस्ता त्याला मोकळा आहे.