कागद विरेल, राख शेतातच राहील



विघटनशील मल्चिंग पेपर बळकट करण्यासाठी औष्णिक वीज केंद्रांची राख वापरावी, ही सूचना हल्ली वारंवार वाचनात येते. मी मिरची आणि टरबूज घेतो. पीक निघाल्यावर प्लॅस्टिकचे फाटके तुकडे वेचताना जीव मेटाकुटीला येतो. राहिलेले तुकडे रोटाव्हेटरला गुंडाळतात. त्यामुळे मातीत जिरणारा कागद मला हवाच आहे. नुसत्या स्टार्चचा कागद ओलाव्याने ढिला पडतो. बारीक राख नीट मिसळली तर तो ताठ होतो, हेही मान्य. आक्षेप आहे तो या सूचनेतल्या ‘प्रक्रिया केलेली राख’ या शब्दांना.

राखेचे कण स्टार्चला धरून राहावेत म्हणून त्यांच्यावर सिलेनसारख्या रसायनाचा लेप देतात. त्याने कागदाची ताकद वाढते. पण राखेतले आर्सेनिक, शिसे, क्रोमियम तसेच राहते. ते काढायला राख आम्लाने धुवावी लागते, आणि ते पाणी कुठे सोडणार हा प्रश्न उरतोच. शिवाय पातळ कागदाला लागते अगदी बारीक राख. आर्सेनिकचे प्रमाण नेमके बारीक कणांवरच जास्त असते.

कोराडी-खापरखेडा वीज केंद्रांची राख सिमेंटमध्ये आणि विटांत जाते, ते योग्यच आहे. तिथे ती जखडलेली असते. कागदात तिला धरणारा पदार्थच विरून जाण्यासाठी बनवलेला! १८० दिवसांत ९० टक्के विघटन ही कसोटीसुद्धा सेंद्रिय कार्बनची. राख त्या हिशेबात येतच नाही. अर्धा एकर जमीन २५ मायक्रॉनच्या कागदाने झाकली तर साधारण ६० किलो कागद लागतो. त्यात १० टक्के राख धरली तरी सहा किलो झाली. एका हंगामाला ही थोडी वाटेल, पण धातू कुजत नाहीत आणि मल्चिंग दरवर्षी होते.

आमच्या भंडारा-गोंदियात राइस मिलच्या बॉयलरमधून तुसाची राख निघते. तूस जाळले की सुमारे पाचवा हिस्सा राख उरते आणि तीत बहुतांश सिलिकाच असते. तपासणी तिचीही व्हावी, पण संशोधकांनी आधी तिच्याकडे वळावे. कोळशाच्या राखेचा कागद विकायचाच असेल, तर राख कुठली, किती टक्के आणि जड धातूंच्या तपासणीत काय आढळले, हे वेष्टनावर मराठीत छापणे सक्तीचे करावे. तोवर अशा कागदाला अनुदान देऊ नये.

— एक शेतकरी, पवनी (जि. भंडारा)