सोप्यात कोण बसतं, हे आधी विचारा



हल्ली मंडळात स्वाध्याय संपला की कुणीतरी हमखास विचारतं, "हॉल नवा करायचाय, कुणाचा सल्ला घेऊ?" मग दहा जणी दहा नावं सांगतात. मी आज एकही नाव सांगणार नाही. जो सल्लागार भिंती मोजतो पण घरात माणसं किती, त्यांची वयं काय, ती या खोलीत दिवसभर काय करतात हे विचारत नाही, त्याला चहा द्यावा आणि निरोप द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्याकडं कोल्हापूर-सांगली भागात जुन्या घरांना सोपा असतो. दुपारी तिथंच भाजी निवडायची, मुलांचा अभ्यास घ्यायचा, आलेल्या-गेलेल्याला पाणी द्यायचं, संध्याकाळी शास्त्र वाचायचं. हॉल म्हणा, फॅमिली रूम म्हणा, नाव बदललं तरी काम तेच आहे. पण सजावटीचा सल्ला देणारे बहुतेक जण ही खोली पाहुण्यांना दाखवायची वस्तू समजतात, आणि आपणही मान डोलावतो.

गेल्या वर्षी आमच्या भिंतींना ओल आली म्हणून दुरुस्ती काढली. एकानं येऊन मापं घेतली आणि दोन दिवसांत मोबाईलवर चित्र पाठवलं. राखाडी सोफा, काचेचं टेबल, खाली आणलेलं छत, टीव्हीमागे उभ्या पट्ट्यांचं पॅनेल. ग्रंथांचं कपाट माळ्यावर गेलं होतं, कारण ते "जुनाट दिसतं". टीव्हीखाली मात्र एक ध्यानस्थ मूर्ती होती, तिच्यावर फोकस लाइट. सासूबाईंनी चित्र नीट पाहिलं आणि एवढंच विचारलं, "ह्यात मी कुठं बसायचं?" त्यावर उत्तर आलं, "आजींसाठी बेडरूममध्ये छान खुर्ची करू."

त्या उत्तराचा मला राग आला आणि अजून आहे. आमच्या सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून रत्नकरंड श्रावकाचार वाचतात. वाचता वाचता नातवाला हाक मारतात, दारात आलेल्या भाजीवाल्याशी भाव करतात. त्यांना आतल्या खोलीत बसवलं, तर खुर्ची कितीही छान असो, त्यांचं दिवसभराचं बोलणं बंद होणार. नातवाच्या कानावर पडणारे शास्त्राचे चार शब्दही बंद होणार. शास्त्र माळ्यावर आणि मूर्ती शोभेला, ही मांडणी आपल्या घरात चालवून घ्यायची नाही. ज्या मूर्तीपुढं आपण हात जोडतो ती टीव्हीची सजावट होऊ शकत नाही.

आता कुणी म्हणेल, "मग काय, भिंतींचे पोपडे तसेच ठेवायचे?" अजिबात नाही. ओल, भेगा आणि जळमटं असलेल्या घरात जीव जास्त होतात आणि मग झाडताना मरतात. भेगा बुजवणं, ओल थांबवणं हा यत्नाचारच आहे. माझं भांडण दुरुस्तीशी नाही, बिनकामाच्या भरीशी आहे. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या 7व्या अध्यायात अनर्थदंड व्रताचे अतिचार सांगताना गरजेपेक्षा जास्त भोगोपभोगाच्या वस्तू जमवणं हाही अतिचार गणला आहे. परिग्रह परिमाण व्रतातही वास्तूची मर्यादा येतेच. व्रत फक्त दागिन्यांना आणि जमिनीला लावायचं आणि हॉलला सूट द्यायची, असं कुठं लिहिलंय?

त्या चित्रातली एकेक गोष्ट घ्या. उभ्या पट्ट्यांच्या पॅनेलमध्ये धूळ आणि कोळ्यांची जाळी बसतात, आणि ती काढणं आपल्याच वाट्याला येतं. छताच्या खाचेत लपवलेल्या दिव्यांपाशी पावसाळ्यात मेलेल्या किड्यांचा थर साचतो. ऐन चातुर्मासात हे छतावर बाळगायचं का? शिवाय फ्लॅटचं छत मुळात साडेनऊ फुटांच्या आसपास असतं. राष्ट्रीय इमारत संहिता राहत्या खोलीला किमान 2.75 मीटर, म्हणजे 9 फूट उंची सांगते. त्यातून आठ इंच कमी केले की आपण त्याच्याही खाली गेलो. त्यापेक्षा 2700 ते 3000 केल्विनचे साधे पिवळसर एलईडी लावा. पांढऱ्याशुभ्र दिव्यापेक्षा त्यांच्याकडं किडे कमी येतात आणि डोळ्यांनाही बरं वाटतं.

सोफा दिसायला बुटका छान वाटतो, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यातून उठवत नाही. बैठक जमिनीपासून 18 इंचांच्या आसपास हवी आणि हात टेकायला दांडा हवा. येण्याजाण्याची वाट अडीच-तीन फूट मोकळी हवी. सुट्या गालिच्याच्या कडेला पाय अडकून म्हातारी माणसं पडतात, आणि काचेच्या टेबलाचा कोपरा रांगत्या पोराच्या नेमका कपाळाला लागतो.

आणि सामान कशाचं आहे, हे तर विचाराच. चामड्याचा सोफा आपण घेत नाही, पण रेशमी उशा सहज घेतो. रेशमासाठी कोशातला जीव बहुधा उकळत्या पाण्यात किंवा वाफेत मारतात. "सॉफ्ट" उशांत पिसं भरलेली असू शकतात. कापूस किंवा सावरीचा कापूस मागा. सागवानी फर्निचरला करतात ते फ्रेंच पॉलिश लाखेचं असतं, आणि लाख फांदीवरून खरवडताना असंख्य किडे मरतात. पॉलिशवाल्याला आधी सांगितलं तर तो दुसरं पॉलिश करून देतो. हे सल्लागार आपण होऊन सांगणार नाही. त्याला सामानाच्या बिलावर टक्का मिळत असेल तर नाहीच नाही. फी वेगळी आणि टक्का नाही, हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्या.

सगळ्यात मोठा आक्षेप मला माहीत आहे: "मुलीला बघायला लोक येतात, हॉल बघून घर ठरवतात." येऊ देत की. ज्यांना आपल्या सोप्यात आजी बसलेली आणि ग्रंथांचं कपाट दिसलेलं चालत नाही, त्यांचं घर आपल्या मुलीला कसं चालेल? ही पारख दोन्ही बाजूंनी होते, हे आपण मुलीच्या आया विसरतो.

आमच्या घरी शेवटी ओलीचं काम झालं, साधा रंग झाला, सुती खोळी आल्या. कपाट आणि खुर्ची जागेवरच आहेत. तुमच्याकडं वेगळं काही हवं असेल तर जरूर करा. फक्त मोबाईलवरच्या चित्राला होकार देऊ नका. नव्या सामानाची मापं घेऊन खडूनं फरशीवर रेघा ओढा आणि दोन दिवस त्या रेघांच्या मधून सगळ्यांना वावरू द्या. आजींना बसून बघू दे, मुलांना खेळू दे, सामायिकाचं आसन टाकून बघा. जिथं कुणी अडखळेल तिथली रेघ पुसा, आणि मगच सुताराला बोलवा.