भरवशाची बॅटरी

विजेरीला आमच्याकडे बॅटरीच म्हणतात, आणि तिची खरी परीक्षा होते हरभऱ्याच्या ओलितात. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. आमच्या फीडरवर मात्र रात्रपाळी अजून चुकलेली नाही. धुऱ्यावर घोणस असते, मण्यार असते. "तू कॉलेजात शिकतोस, सांग कोणती घेऊ?" असे बाबा मला विचारतात.

अकोल्याच्या बाजारातली स्वस्त चार्जिंगची बॅटरी दिसायला झकास! आत बहुधा शिसे-आम्लाचा सीलबंद संच. तो उतरलेल्या स्थितीत पावसाळाभर खुंटीला टांगला, की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट धरते आणि रब्बीत बॅटरी घटकाभर पेटून विझते. दुकानदार म्हणतो, नवी घ्या.

उलट गावातल्या एका पोराने जुन्या लॅपटॉपमधला ३.७ व्होल्टचा लिथियम सेल, एक एलईडी आणि रेझिस्टन्स पाइपच्या तुकड्यात बसवून दिला. सेल उतरू लागला की उजेड हळूहळू मंदावतो. माणसाला घर गाठायला वेळ मिळतो. पुष्कळ महागड्या बॅटऱ्यांतले सर्किट उजेड शेवटपर्यंत सारखा ठेवते, मग एकदम अंधार. याला सुधारणा का म्हणावे, ते विज्ञान शाखेच्या मित्रांनीच सांगावे.

घरगुती बॅटरीत धोका आहेच. फुगलेला सेल किंवा भलताच चार्जर वापरला तर ती पेट घेते. संरक्षक सर्किट हवेच. पण ती उघडता येते, सेल बदलता येतो. म्हणून बाबांना मी तीच सुचवली. कारखानदारांनीही खोक्यावर उजेडाचे मीटर छापण्याआधी आत कोणता सेल आहे नि तो कसा बदलायचा, एवढे मराठीत छापावे.