जाळीचा दिवा

यंदा दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या घरात एका दिव्याची भर पडली आहे. आम्हांला तो नवा असला, तरी दिवा चांगला जुना आहे. वीतभर उंचीचा, पितळेचा. खाली तेलाची टाकी, मध्ये जाड काचेची नळी, तिच्यावर बारीक तारेची जाळी आणि डोक्यावर अडकवायला आकडा. धाकट्या चिरंजीवांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि "आई, हा आकाशकंदील एवढासाच का?" असा प्रश्न केला. त्याला उत्तर देता देता हा लेख मनात तयार झाला.

दिवा माझ्या मावशीच्या यजमानांचा. आम्ही भाचरे त्यांना काका म्हणत असू. सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा झाला आणि नंतर थोड्याच महिन्यांत ते गेले. त्यांच्यावाचूनची ही पहिलीच दिवाळी. मावशीने कपाट आवरताना दिवा कागदात गुंडाळला आणि माझ्याकडे पाठवून दिला. सोबत चिठ्ठी होती : "तुला याची गोष्ट अर्धीच ठाऊक होती. आता पुरी झाली आहे. तुझ्याकडे असू दे."

काका एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा-अधिकारी होते. १९९९ साली मी एम्.ए.साठी मुंबईत आले आणि दोन वर्षे डोंबिवलीला त्यांच्याच घरी राहिले. तोवर या हुद्द्याचा माणूस मी पाहिला नव्हता. दारावर काठी घेऊन उभा राहणारा तो सुरक्षावाला, एवढीच माझी समजूत. तसे बोलूनही दाखवले होते. काका हसले आणि म्हणाले, "तसंच समज. फक्त मी चोराला नाही, अपघाताला अडवतो. आणि चोरापेक्षा तो लबाड. आधी आतल्या माणसांची ओळख काढतो."

घरातही त्यांची नोकरी संपत नसे. ओट्याशी उभे राहायचे तर ओढणी कमरेला बांधलेली हवी. निजण्यापूर्वी गॅसची टाकी बंद झाली की नाही, हे ते स्वतः पाहत. मावशीने पाहिले असले तरी पुन्हा पाहत. फटाक्यांच्या आधी अंगणात पाण्याच्या दोन बादल्या आणि वाळूची एक पाटी येई. आकाशकंदील लावणे हा तर आमच्याकडे एक सोहळाच होता. खुर्चीवर खुर्ची ठेवून चढण्याची टाप कोणाची नव्हती. शिडी हवी, शिडी धरणारा एक हवा, कंदील हाती देणारा एक, आणि मेन स्विचपाशी पहारा करायला आणखी एक. माझा मावसभाऊ म्हणे, "बाबा, एवढ्या तयारीत लोक बांध घालतात." सारी चाळ हसे, काकाही हसत, पण शिडीवरचा हात काढीत नसत.

मला मात्र दर वेळी हसू येत नसे. चालती लोकल पकडायची नाही, दारात उभे राहायचे नाही, कुर्ल्याला उतरल्यावर रूळ ओलांडायचे नाहीत, पुलावरूनच जायचे. रोज सकाळी डब्याबरोबर या सूचना मिळत. वय वीस वर्षांचे, त्यात साहित्याची विद्यार्थिनी. म्हणजे आयुष्य जोखमीने जगावे असे वाटण्याचा काळ. एक दिवस माझा तोल सुटला. "काका, तुम्हांला जिथे तिथे मरणच कसं हो दिसतं?" असे मी फाडकन बोलून गेले. मावशीचा पोळी लाटणारा हात थांबला. काका रागावले नाहीत. त्यांनी पुस्तकांच्या फळीवरून हा दिवा काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"हा कशाचा असेल सांग." मी म्हटले, शोभेचा. तेव्हा त्यांनी सांगितले ते आजही मला वर्गात ऐकल्यासारखे आठवते. कोळशाच्या खाणीत ज्वालाग्राही वायू साठतो. उघड्या दिव्याने तो भडके आणि माणसे जळून मरत. १८१५ साली हंफ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने ज्योतीभोवती तारेची जाळी बसवली. जाळी ज्योतीची उष्णता पसरवून टाकते, त्यामुळे बाहेरचा वायू पेट घेत नाही. शिवाय वायू असेल तर ज्योतीवर निळसर टोपी चढते. म्हणजे दिवा उजेडही देतो आणि इशाराही. दुसराही एक इशारा तो देतो. हवेच्या शंभर भागांत एकवीस भाग प्राणवायू असतो. तो सोळाच्या आसपास उतरला की ज्योत विझते. म्हणून टाकीत किंवा विहिरीत उतरण्याआधी दिवा सोडून पाहायचा. दिवा विझला तर माणसाने जायचे नाही. पुढे हवा मोजणारी चांगली यंत्रे आली आणि हा दिवा फळीवर बसला.

"पण प्राणवायू कमी झाला, तर माणसाला गुदमरायला होणारच की," मी म्हटले. "तो येईल ना बाहेर पळत."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नाही होत. तीच तर गोम आहे." गुदमरल्याची जाणीव होते ती मुख्यतः अंगात कार्बन-डाय-ऑक्साइड साचल्यामुळे, प्राणवायू कमी पडल्यामुळे नव्हे. कारखान्यात आग लागू नये म्हणून टाक्यांत नायट्रोजन भरतात. त्याला रंग नाही, वास नाही. आपण रोज घेतो त्या हवेतही तोच सर्वांत जास्त. निव्वळ नायट्रोजन भरलेल्या टाकीत माणूस उतरला, तर त्याला काहीच वेगळे वाटत नाही. एक-दोन श्वासांत तो कोसळतो. वरचा माणूस पाहतो, त्याला वाटते घेरी आली. तो मदतीला उडी घेतो आणि तोही पडतो. अमेरिकेतील एका सरकारी संस्थेने १९८६ साली अशा अपघातांविषयी सूचना काढली होती. तिच्यात म्हटले होते, की बंद जागांत मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे दुसऱ्याला वाचवायला गेलेली असतात. "बघ, भेकड माणूस वाचतो आणि जिवाला जीव देणारा मरतो," काका म्हणाले. "म्हणून मला दोर लागतो. आत जाणाऱ्याच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर आणि दोराचं दुसरं टोक बाहेर उभ्या असलेल्याच्या हातात. १९४८ च्या कारखाना कायद्यात हे लिहिलेलंच होतं. लिहिलेलं असतं गं सगळं."

हे शेवटचे वाक्य त्यांनी ज्या स्वरात उच्चारले, त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मी मनात म्हटले, हा धंद्याचा वैताग असावा.

वैतागाला कारणेही होतीच. त्या कायद्यात १९७६ साली दुरुस्ती होऊन हजार किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांत सुरक्षा-अधिकारी नेमणे आवश्यक झाले, आणि काका उत्पादनखात्यातली बढतीची जागा सोडून या जागेवर गेले. सोबत्यांनी त्यांना वेड्यात काढले. कामगारांना शिरस्त्राणाचा जाच वाटे, साहेबांना काम थांबवणारा माणूस नको असे. चार मार्चला, म्हणजे १९६६ साली ज्या दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली त्या दिवशी, सगळे छातीला बिल्ले लावीत, शपथ घेत आणि पाच मार्चला बिल्ले टेबलाच्या खणात जात. काकांची एक वही होती. तीत घडलेल्या अपघातांची नव्हे, थोडक्यात टळलेल्यांची नोंद असे. वरून पाना पडला, खाली कोणी नव्हते. व्हॉल्व्ह उलटा फिरवला, वेळीच ध्यानात आले. "टळला म्हणून हसून सोडून देतात," ते म्हणत, "आणि तोच पुढच्या खेपेला नाव-गाव घेऊन येतो."

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळची बातमी आली, तेव्हा ते दोन दिवस नीट जेवले नाहीत, असे मावशी सांगे. पुढे अहवाल आले ते त्यांनी मिळवून वाचले. त्या कारखान्यात विषारी द्रव गार ठेवणारे यंत्र होते, पण ते बंद केलेले होते. निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा होता, पण त्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. "सामान सगळं होतं," काका म्हणत, "वेळेला हाताशी नव्हतं." आणि त्यांची नजर या दिव्याकडे जाई.

एक गोष्ट मात्र या सावध गृहस्थाच्या घरात मला विचित्र वाटे. नरकचतुर्दशीला सगळ्यांच्या आधी, काळोखातच त्यांचे स्नान उरके. मावशी फराळाचा मोठा डबा भरून ठेवी. तो घेऊन ते पहिल्या गाडीने निघत आणि आमचा फराळ संपत आला की परत येत. कुठे, असे विचारले तर "कारखान्याचं काम" एवढेच उत्तर. निवृत्त झाल्यावरही ते काम चालूच होते. मी ठरवून टाकले होते, की काकांना सणावारीही घरापेक्षा कारखाना जवळचा.

ते गेले त्याच्या तेराव्या दिवशी एक गृहस्थ आले. वय पन्नाशी उलटलेले, अंगाने दणकट. विजेच्या कामांची कंत्राटे घेतात, हाताखाली पंधरा माणसे आहेत. फोटोला नमस्कार करून ते मावशीजवळ बसले आणि काही विचारले नसता बोलू लागले.

सत्तरीच्या सुरुवातीची गोष्ट. काका तेव्हा पाळीवरचे पर्यवेक्षक होते. रात्रपाळीला एक टाकी धुवून झाली होती. आत उतरण्याच्या परवान्यावर काकांनी सही केली. दिवा सोडून पाहायला हवा होता. पण दिवा भांडाराच्या कपाटात होता आणि किल्ली ज्याच्याकडे तो घरी गेला होता. टाकी धुतलेली, काम दहा मिनिटांचे. नायट्रोजनची नळी बंद होती, पण तिचा व्हॉल्व्ह गळत होता. पहिला कामगार उतरला आणि पडला. दुसरा त्याला काढायला उतरला. दोर नव्हता. काकाही उतरत होते, त्यांना चौघांनी धरून ठेवले. तो दुसरा कामगार म्हणजे या गृहस्थांचे वडील. पहिला कामगार एकटाच होता, त्याच्यामागे कोणी नव्हते. चौकशीत दोष व्हॉल्व्हचा निघाला. काकांवर ठपका आला नाही.

"त्या दिवाळीला आमच्याकडे फराळ नव्हता," ते म्हणाले. "हे डबा घेऊन आले. आईनं घेतला नाही. दारात ठेवून गेले. पुढल्या वर्षी पुन्हा आले. तिसऱ्या वर्षी आई म्हणाली, फराळ राहू दे, पोराला धंद्याला लावा, पण त्या टाकीपाशी नको. त्यांनी मला शिकवलं. अठरा वर्षांचा झालो, तेव्हा समोर बसवून सगळं सांगितलं. किल्लीचं, सहीचं. सांगायची काही गरज नव्हती हो. मी चार वर्षं त्यांच्याशी बोललो नाही. ते येतच राहिले."

खोलीत कोणी बोलेना. मी मावशीकडे पाहिले. इतकी वर्षे तिला हे ठाऊक होते का? माझ्या मनातले तिने ओळखले. म्हणाली, "डबा कोण भरत होतं, असं तुला वाटलं?"

त्या गृहस्थांना मी निघताना विचारले, तुम्ही त्यांना क्षमा केली होती का? आता वाटते, हा प्रश्न पुस्तकी होता. ते म्हणाले, "ते कधी मागतच नव्हते. माझा माणूस खांबावर चढला, की खाली पट्टा तपासायला मी स्वतः उभा असतो. एवढंच."

त्यांच्या सावधपणाची मी किती चेष्टा केली, ते त्या दिवशी मला आठवले. मरण त्यांना सगळीकडे दिसत होते हे खरे. त्यांनी ते एकदा, दहा मिनिटांच्या घाईत, आपल्या सहीखाली पाहिले होते. त्या सहीची किंमत आपण फेडली, असे त्यांना कधी वाटले नसावे. तसे वाटले असते तर डबा कधीतरी थांबला असता. त्यांनी घरावर माया केली तीही याच रीतीने. जवळ घेऊन गोड बोलणे त्यांना जमले नाही. शिडी धरून उभे राहणे जमले. आम्ही सगळे धडधाकट आहोत, यात त्यांचा वाटा किती, याचा हिशेब लागणार नाही. त्यांची ती वही मावशीकडे आहे; तीत आम्हां मुलांचीही पाने आहेत. माझ्या नावापुढे १९९९ सालची एक नोंद आहे : "चालत्या गाडीतून उतरली. फलाटावर पडली नाही. बोललो नाही, उद्या बोलेन." मला वाटले होते, ते पाहिलेच नसावे कोणी.

यंदा मावशीकडे सण नाही. कढई चढायची नाही, कंदील लागायचा नाही. अशा घरी पहिल्या दिवाळीला आप्तेष्टांनी फराळ न्यायचा, ही आपली जुनी रीत. मी परवा फोन करून विचारले, की आम्ही चतुर्दशीला सकाळीच येऊ का डबा घेऊन? मावशी म्हणाली, "ये, पण जरा उशिरा ये. पहाटेच्या गाडीनं एक डबा यायचा आहे. त्यानं आधीच सांगून ठेवलंय."